शनिवारची गाडी

चाँद बागवानाची गाडी ओढ्यापलीकडून वर येताना दिसली, तेव्हाच मुक्ताबाईनं ओळखलं की हीही खेप वाया गेली. माल खपला असता तर रिकाम्या पाट्या एकात एक घालून दोरीनं आवळलेल्या असत्या आणि चाँद वर बसून बिडी ओढत आला असता. इथं पाट्या गाडीभर पालथ्या पडलेल्या, त्यांच्यावर माश्या घोंघावत होत्या, आणि चाँद बैलांच्या बाजूनं खाली मान घालून चालत होता. आंबूस गोड वास तर गाडीच्या आधीच अंगणात पोचला. मुक्ताबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. तिला रडू आलं नाही. कंटाळा मात्र आला, हाडांपर्यंत गेलेला कंटाळा.

गाडीबरोबर गेलेला तिचा धाकटा भाऊ उत्तरेश्वर कुठंच दिसत नव्हता. तो ओढ्यातच उतरला होता. तोंड धुवायला म्हणून उतरला, आणि अर्धा घंटा झाला तरी त्याचं तोंड धुऊन होत नव्हतं.

ही सीताफळं नगरला नेऊन विकायची कल्पना त्याचीच. उत्तरेश्वरला कल्पनांचा कधी तोटा नव्हता, टिकणाऱ्या कल्पनांचा होता. दोन सालांमागं त्यानं बीडहून चामड्याच्या छागली आणल्या आणि उमापूरच्या बाजारात मांडल्या. उन्हाळ्यात वाटसरू थंड पाण्यासाठी छागल घेतो हे त्यानं ऐकलं होतं. पण माल हाताशी येईस्तोवर मृग लागला. धो धो पावसात पाण्याची पिशवी विकायला बसलेला माणूस बघायला तेव्हा अख्खा बाजार लोटला होता. घेतली मात्र कुणी नाही. तेव्हापासून घरात त्याच्या बोलण्याला कुणी हसून तरी उडवायचं, नाही तर न ऐकता.

सीताफळाचं मात्र मुक्ताबाईला पटलं होतं. घरामागच्या डोंगरावरची ही झाडं कुणी लावलेली नव्हती. शेळ्या तो पाला खात नाहीत, म्हणून ती वाढली एवढंच. आश्विनात गाव फळं खाऊन कंटाळायचं आणि उरलेली पाखरं खायची. तीच फळं नगरच्या लिलावात नेली तर तिथून आगगाडीनं मुंबईला जातात, असं उत्तरेश्वर सांगत आला आणि मुक्ताबाईनं पाटी उचलली. फळाचे डोळे किती उघडले म्हणजे ते कधी मऊ पडेल, हे तिच्या बोटांना कळायचं. मानमोडीच्या साथीत नवरा गेल्यावर ती माहेरी आली, त्यानंतर या घरात फक्त तिलाच येतं असं हे पहिलं काम निघालं होतं.

पहिली खेप पोत्यांतून गेली आणि नासली. उत्तरेश्वरनं येऊन सांगितलं, पोत्यांनी घात केला, फळं चेंगरली. मग दुसऱ्या खेपेला बांबूच्या पाट्या घेतल्या, तळाशी गवत, मधे सीताफळीचाच पाला. आता तीही नासून आली होती. आणि डोंगर हातचा जायला आठच दिवस उरले होते. थोरला भाऊ सुंदरराव याच्याकडं राधाकिशन गुत्तेदाराचा माणूस दोनदा येऊन गेला होता. राधाकिशन कोळसा पाडायचा. डोंगर पाच सालांच्या गुत्त्यानं, ठेक्यानं, द्या, झाडं आम्ही तोडून नेतो, असं त्याचं म्हणणं. सुंदररावानं त्याला पुढच्या बुधवारचा वायदा दिला होता. आणि बायकोला चुलीपाशी सांगितलं होतं, मुक्तेला ऐकू जाईल अशा बेतानं, की डोंगर गेला म्हणजे तिचं इथं काही काम उरत नाही. दिवाळी झाली की तिला उमापूरला तिच्या दिराकडं पोचवून येऊ.

त्या दिराच्या घरी मुक्ताबाई आठ महिने राहिली होती. आठही महिने ती गोठ्यात निजली होती. उमापूरचं नाव निघालं की तिच्या नाकात अजून शेणमुताचा वास येई.

दुपारी सगळे ओसरीवर बसले. आप्पा घोंगडीवर, भिंतीला टेकून. सुंदरराव त्यांच्या उजव्या हाताला. उत्तरेश्वर अखेर आला आणि खांबाला पाठ लावून उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. चाँद पायरीवर बसला होता. छबुबाईनं, सुंदररावाच्या बायकोनं, वरून धार धरली आणि तो ओंजळीनं घटाघटा पाणी प्याला. मुक्ताबाई दाराच्या आतल्या अंगाला, उंबऱ्यापाशी टेकली.

"किती खपली?" सुंदररावानं विचारलं.

"एक पाटी, मालक," चाँद तोंड पुसत म्हणाला. "तीबी नाक्यावरच्या शिपायानं उचलली. खपली न्हाई म्हना, गेली."

"झालं तर! आप्पा, आता तुमीच सांगा. दोन डाव खेळून झाले. रानमेवा तो. रानात खायचा आन रानातच बिया थुंकायच्या. त्याचा कुठं धंदा होतो?"

"दादा, अजून एक खेप," उत्तरेश्वर म्हणाला. "लाकडी खोकी करू. पाट्यांना बाजूनं दाब बसतो. खोकं आसंल तर..."

"पोती झाली, पाट्या झाल्या, आता खोकी! तुझं डोकं बदल बे आधी."

छबुबाई आत जाता जाता म्हणाली, "गावात बाया काय म्हनत्यात ते बी ऐका. ज्या हातानं फळं निवडली त्या हाताचा बी काय गुण आसंल का न्हाई?"

ती ते कुणाकडं बघून बोलली नाही. तशी गरजही नव्हती. आजवर असं बोलणं मुक्ताबाई गिळत आली होती. ती उठली. माजघरात माळ्याखाली एक छोटी पाटी टांगलेली होती, ती काढून तिनं ओसरीच्या मधोमध आणून ठेवली.

"ह्ये काय?" आप्पांनी विचारलं.

"साक्षीची पाटी, आप्पा. बुधवारी सांजच्याला गाडी भरली तवाच त्याच झाडाची, त्याच हातानं तोडलेली धा फळं मी घरी ठिवली. तसंच गवत, तसाच पाला. रोज दाबून बघत हुते. रैवारी सांजेपातूर घट्ट हुती. मग एकेकानं अंग सोडलं." तिनं वरचा पाला दूर केला. खाली काळपट लगदा झाला होता. "गाडीत हादरे बसत्यात, ऊन लागतं. येक दिस कमी धरा. तरी शनवारच्या सांजेपातूर फळ टिकाया पायजे. माझ्या हाताला काय दोष असंल तर घरातल्या फळांलाबी आसंल की, वैनी. ही कावून टिकली?"

सुंदररावानं पाटीत डोकावून बघितलं आणि नाकाला उपरणं लावलं.

"बेस्तरवारी पहाटं गाडी निघाली," मुक्ताबाई चाँदकडं वळली. "शनवारी सकाळी नगरात पायजे हुती. लिलाव शनवारी आन सोमवारी असतो म्हनं. मग कुठल्या दिवशी पोचली?"

चाँदनं उत्तरेश्वरकडं बघितलं. उत्तरेश्वर खांबावरची किडीची भोकं बघत होता.

"त्याच्याकडं काय बघतो? मी इचारते तुला."

"रैवारी, आक्का."

"येक दिस कुठं गेला?"

चाँदनं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. "बेस्तरवारी कडा गावाला मुक्काम केला. जुम्म्याला दुपारी करोडगिरीच्या, जकातीच्या नाक्यावर पोचलो. संस्थानाच्या हद्दीबाहेर, इंग्रजी मुलखात माल न्यायचा तर तिथली चिठ्ठी लागती. आन जुम्म्याला सरकारी सुट्टी. नाक्याला कुलूप. शनवारी मुनशी आला, त्यानं दुपारी चिठ्ठी फाडली. रैवारी सकाळी नगरात शिरलो तर तिथं इंग्रजाची सुट्टी. सोमवारी पाट्या उघडल्या तवा..." त्यानं हात झटकले.

"म्हंजे तुझ्या जुम्म्यानं नासवली म्हन की आमची फळं!" सुंदरराव म्हणाला.

चाँद ताडकन उठला. "मालक, नाक्याला कुलूप मी लावलं का? हिकडं सरकारची सुट्टी, तिकडं सायबाची सुट्टी, आन मधे दोन सुट्ट्यांच्या जात्यात आपली गाडी. माझीबी दोन बैलं तीन दिस नुसती उभी हुती. आन ह्ये मी आज सांगतोय का? पैल्याच खेपेला धाकल्या मालकाला बोललतो, की बेस्तरवारी निघू नगा. त्ये म्हनले, घरी काय बोलू नगो, पोती चेंगरली म्हनून सांगू."



सगळ्यांनी उत्तरेश्वरकडं बघितलं. मुक्ताबाईनं बघितलं ते वेगळं. दीड महिना ती डोंगर चढत-उतरत होती. करवंदीच्या काट्यांनी दोन्ही हात ओरबाडले होते. पाट्या विणणाऱ्याच्या दारात चार दिवस बसून तिनं त्या हव्या तशा करवून घेतल्या होत्या. आणि ज्याच्यासाठी आणि ज्याच्या शब्दावर हे सगळं केलं, त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं की दोष पोत्यांचा नाही, पाट्यांचा नाही, फळाचाही नाही.

"तुला ठावं हुतं, उत्तरेश्वर?"

"आक्का..."

"ठावं हुतं का न्हाई तेवढं सांग."

"हुतं." तो खांबाची भोकं सोडून तिच्याकडं वळला. "पर शनवारी निघायचं म्हनून आप्पाला कोन सांगनार हुतं? तू सांगितलं असतंस? मला वाटलं पाट्यांनी फळ दोन दिस जास्त टिकंल, मग वाराचं काय अडनार न्हाई."

या घरातून शनिवारी गडीमाणूस बाहेरगावी निघत नसे. आप्पांचे थोरले भाऊ अर्जुनराव एका शनिवारी गाडी जुंपून नगरच्या बाजाराला निघाले आणि सीना नदीच्या उतारात बैलांसकट वाहून गेले. त्याला चाळीस सालं झाली. आप्पा तेव्हा वीस-बावीस वर्षांचे होते आणि नदीकाठानं तीन दिवस भावाला हुडकत फिरले होते. शेवटी बैल सापडले. तेव्हापासून नवं काम निघायचं ते गुरुवारी, बेस्तरवारी, आणि शनिवारी पुरुषानं शीव ओलांडायची नाही, हा घरचा कायदा. त्या कायद्यापुढं सरकारचा कायदासुद्धा फिका.

"मग बुधवारी काढा गाडी," आप्पा हळूच म्हणाले. त्यांनाही हिशेब सुटायला हवा होता, हे मुक्ताबाईला जाणवलं.

"बुधवारी काढली तर शुक्रवारी पोचंल, आप्पा. लिलाव शनवारी. फळ शुक्रवारी राती अंग सोडील. शुक्रवारी काढली तर गाठ रैवाराशी. सोमवारचा लिलाव गाठायचा तर शनवारीच निघाया पायजे. रैवारी नाका उघडा, सोमवारी लिलाव उघडा. दुसरा वारच न्हाई."

"मग धंदाच न्हाई," सुंदरराव म्हणाला. त्याचा सूर मात्र सुटल्यासारखा होता. "मी म्हनत हुतो ते खरं निगालं. बुधवारी राधाकिशनचा माणूस येतोय. त्याला हो म्हनून टाकू."

"चाँद येकटा जाईल की," उत्तरेश्वरनं काढलं.

चाँदनं मान हलवली. "न्हाई जमायचं. घरच्या डोंगराचा माल म्हनल्यावर घरचं माणूस लागतं, तवा नाक्यावर लगेच सोडत्यात. मी येकटा दिसलो की बेपाऱ्याचा माल धरत्यात आन दोन दिस बसवून ठिवत्यात. घरातलं कुनीबी चालंल, पर घरातलं पायजे."

"घरात हाय कोन?" सुंदरराव म्हणाला. "मी न्हाई, त्यो न्हाई, आप्पा न्हाई."

"मी हाय," मुक्ताबाई म्हणाली.

सुंदररावाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो हसला. "तू?"

"शनवारी गड्यानं निघायचं न्हाई ना? मी गडी न्हाई."

"बाईमाणूस नगरला जाऊन लिलावात बसनार! आन त्यातून..." तो थांबला.

"त्यातून रांडमुंड. म्हना की दादा, अडकू नगा." ती आप्पांसमोर येऊन बसली. "आप्पा, मला कंचा वार वाईट? ज्ये वाईट व्हायचं त्ये मंगळवारी झालं, धनी गेले त्या दिशी, भर दुपारी. मुहूर्त बघूनच दिलती न्हवं मला? आता मला सगळे वार सारखे. मी वाहून गेले तर उमापूरला पोचवायची खेप वाचंल, दुसरं काय?"

"असं बोलू नगो, मुक्ते," आप्पा म्हणाले.

"लोक काय म्हनतील?" सुंदररावानं आवाज चढवला. "येका बागवानाच्या गाडीत दोन मुक्काम?"

"माजी अम्मा येती की संगं," चाँद पटकन बोलला. "गौसियाबीनं साठ सालं पाटोद्याच्या बाजारात फळं इकली. तिच्यापुढं कुनाची वर बघायची हिंमत न्हाई. माजीबी न्हाई."

आणि मग जिच्याकडून कुणाला अपेक्षा नव्हती ती बोलली. छबुबाई दारात उभी राहून पदरानं हात पुसत होती. "जाऊ द्या की तिला. जमलं तर बरंच हाय, न्हाई जमलं तर डोंगर कुठं पळून चाललाय? आन उमापूर उमापूर काय लावलंय मघाधरनं? वन्सं तिकडं गेल्या तर हिकडं दहा माणसांचं दळन कोन दळनार? मी? तुमी येता का जात्यावर बसायला?"

त्यात माया किती आणि जात्याची धास्ती किती, हे शोधण्यात अर्थ नव्हता. मुक्ताबाईनं तेवढ्यावर समाधान मानलं. बुडत्याला काडीचा आधार, काडी कुठल्या झाडाची ते कोण विचारतो?

आप्पा बोटांनी घोंगडीचे धागे उपटत होते. मग काठी घेऊन उठले. "शनवारी मी पहाटंच मारुतीच्या देवळात जाऊन बसनार हाय. घरात काय हुतं, कोन कुठं जातं, मला काय ठावं न्हाई. मला कुनी इचारलं न्हाई, मी कुनाला हो म्हनलं न्हाई."

ते तसेच गोठ्याकडं निघून गेले. या घरातली मोठी माणसं अशाच वाटेनं हो म्हणायची.

शुक्रवारी दिवसभर मुक्ताबाईनं फळं तोडली. उत्तरेश्वर पाट्या वाहून खाली नेत होता. तो तिच्याशी बोलायला बघायचा आणि ती पाटी पुढं करायची. संध्याकाळी शेवटच्या फेरीला तो म्हणाला, "मी भ्यालो, आक्का." ती म्हणाली, "ठावं हाय मला." तिला त्याचा राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात जोर लागतो.

शनिवारी उजाडायच्या आत गाडी निघाली. कुणी निरोपाला आलं नाही. सीनेच्या उताराला पाणी बैलांच्या पोटाला लागलं तेव्हा गौसियाबीनं मुक्ताबाईचा हात घट्ट धरला आणि पलीकडं पोचेस्तोवर तोंडानं काहीतरी पुटपुटत राहिली. मुक्ताबाई पाण्याकडं बघत होती. आपल्याला भीती वाटत नाही याचंच तिला वाईट वाटलं. रविवारी दुपारी नाका आला. मुनशीनं चष्म्यावरून तिला नीट बघितलं.

"माल कुणाचा?"

"घरचा. डोंगर आमचा हाय, फळं मी तोडली."

"मर्द कोई नहीं?"

"देवळात बसलेत," मुक्ताबाई म्हणाली.

मुनशीला हसू आलं. त्यानं अंगठा घेतला, चिठ्ठी फाडली आणि गाडी सोडली. पानाचा विडा तोंडात घालायला लागतो तेवढ्या वेळात. दोन खेपा ज्या कुलपानं खाल्ल्या ते कुलूप नाक्याच्या दाराला नुसतं लोंबत होतं.

सोमवारी सकाळी आडत्यानं लिलावाच्या ओट्यावर पहिली पाटी उघडली. वरचं फळ दाबलं, मधलं दाबलं, हात खुपसून तळाचं काढलं. तळाचंही घट्ट होतं. त्यानं चाँदकडं बघून विचारलं, "कुणी भरली?" चाँदनं बोट दाखवलं. आडत्यानं मान डोलावली आणि ओरडायला सुरुवात केली. ऊन ओट्यावर यायच्या आत पाट्या गेल्या. "दर सोमवारी आणा," तो म्हणाला. "याच्या दुप्पट आणा."

आपल्याला आनंद होईल अशी मुक्ताबाईला वाटेत आशा होती. पण तिला नुसती झोप आली. एवढंच होतं होय, असं तिच्या मनात आलं. दीड महिना, दोन खेपा, इतकी भांडणं, आणि अडलं होतं ते एका वारावर. ती गाडीच्या चाकाला टेकून बसली आणि भर बाजारात तिचा डोळा लागला. गौसियाबीनं तिच्या तोंडावर स्वतःची ओढणी टाकली आणि माश्या हाकत बसली.

बुधवारी गाडी परत आली तेव्हा पाट्या एकात एक घातलेल्या होत्या. ओसरीवर राधाकिशनचा माणूस पानसुपारी खात बसला होता. सुंदररावानं पाट्यांकडं बघितलं, चाँदच्या तोंडातल्या बिडीकडं बघितलं, आणि पाव्हण्याला म्हणाला, "तुमच्या शेटला सांगा, डोंगराचं जमनार न्हाई. आमचा चालता धंदा हाय त्यो." आठ दिवसांमागं ज्याला रानमेवा म्हणत होता त्याला तो आता आमचा धंदा म्हणाला. मुक्ताबाईला त्यानं विचारलं ते एवढंच, की सोमवारी आडत्या किती गाड्या घेईल. उमापूरचं नाव मात्र त्या दिवसापासून घरात निघालं नाही. छबुबाईनं रात्री ताट वाढताना सांगितलं, "उद्या ज्वारी दळायची हाय," आणि तेवढ्यावरून मुक्ताबाईला कळलं की आपण राहिलो.

पुढच्या शनिवारी दोन गाड्या निघायच्या होत्या. आप्पा देवळात गेले नाहीत. शनिवार मारुतीचाच वार, त्यानं कौल दिला, आता या कामाला शनिवारच लाभतो, असं ते गावात चौघांना सांगून आले होते. सुंदररावानं नवा फेटा बांधला होता. नगरला तो स्वतः निघाला होता. बैलांच्या शिंगांना गोंडे, कपाळाला कुंकू. छबुबाई आरतीचं ताट घेऊन उभी. चारदोन शेजारीही जमले. गेल्या शनिवारी अंधारात चोरासारखी निघालेली गाडी आज थाटात निघणार होती.

मुक्ताबाईनं दोन दिवस फळं निवडली होती आणि पहाटेपासून पाट्यांचे पाले लावले होते. शेवटची पाटी चढली तशी ती ओसरीच्या पायरीवर बसली.

आप्पांनी नारळ हातात घेतला. इकडं तिकडं बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मुक्ते, जरा आत हो, पोरी. गाडी हालू दे, मग ये."

त्यात राग नव्हता, तिरस्कारही नव्हता. शुभ कामाला निघताना विधवा समोर नसावी, एवढंच. शेजारणींनी तिच्यासाठी वाट मोकळी करून दिली. उत्तरेश्वरनं मान खाली घातली.

मुक्ताबाईनं उठायला म्हणून गुडघ्यावर हात टेकले. मग ते हात तिनं तसेच राहू दिले.

"न्हाई उठवत, आप्पा."

"काय?"

"लई दमलेय. आत-बाहेर करायचं बळ न्हाई माझ्यात. तुमी फोडा नारळ."

"मुक्ते," सुंदररावानं दटावलं, "माणसं बघत्यात."

"बघू द्या की."

तिनं आवाज चढवला नाही. तिच्यात तेवढंही त्राण नव्हतं. छबुबाईच्या ताटातली निरांजनं वाऱ्यानं फरफरत होती. आप्पा नारळ घेऊन तसेच उभे राहिले. पूर्वेला डोंगराच्या कडेवर उजेड आला, मग सूर्याची कोर आली, आणि पाट्यांवरच्या पाल्यावर पहिलं ऊन पडलं.

"मालक," चाँद पुढच्या गाडीवरून म्हणाला, "ऊन चढाया लागलं. उशीर झाला तर उद्या नाक्यावर सांज हुईल. फळ थांबायचं न्हाई."

सुंदररावानं आप्पांकडं बघितलं. आप्पांनी पाट्यांकडं बघितलं. मुक्ताबाई कुणाकडंच बघत नव्हती. ती पायाचा अंगठा चोळत होती, काटा मोडला होता तिथं. नदीकाठानं तीन दिवस भावाला हुडकत फिरलेला तो म्हातारा आणखी थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं खाली वाकून दगडावर नारळ आपटला. पाणी उडालं, त्याचे चार थेंब मुक्ताबाईच्या पायांवर पडले.

गाड्या निघाल्या, तिच्या डोळ्यांदेखत.